तीन स्प्रिंगा

मालवणच्या त्या भाड्याच्या खोलीत सकाळचे ऊन सरळ येत नसे. पूर्वेला माडांची दाट रांग होती. झावळ्यांतून जे काही निसटे ते आधी समोरच्या बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्यावर पडे आणि तिथून उलटे फिरून धनेशच्या खोलीत शिरे. त्यामुळे ते प्रथम छतावर दिसे, जमिनीवर नव्हे. पत्रा रात्रीच्या दवाने ओला असे. तो वाळेपर्यंत छतावरचा उजेड थरथरत राही, आणि आपण पाण्याच्या पोटातून वर पाहतो आहोत असे वाटे. मग ती थरथर थांबे. उजेड पंख्याच्या पात्यांवरची धूळ दाखवी, भिंतीवर उतरे, खुंटीवरच्या सदऱ्याची एक बाही पिवळी करून दुसरी तशीच सोडून देई, आणि फार सावकाश, आजारी माणसाने जिना उतरावा तसा, टेबलाच्या कडेपर्यंत येई. या सगळ्याला जितका वेळ लागे तितका वेळ धनेश अंथरुणात पडून असे. त्याला हा वेळ आवडे, कारण या वेळेत कोणाला त्याच्याकडून काही नको असे. खाली मासळीचे टेम्पो लागत, बर्फ फोडल्याचा आवाज येई, कोणी कोणाला शिवी देई आणि तिसराच कोणी हसे. ते सगळे उजेडाच्या पलीकडचे होते. त्या शनिवारीही तो तसाच पडून होता. उजेड टेबलावर आला. तिथे पांढऱ्या रुमालावर तीन स्प्रिंगा मांडलेल्या होत्या. त्यांच्या प्रत्येक वेढ्यावर एकेक बारीक चमक ठेवून उजेड थांबला, आणि धनेशने डोळे मिटून घेतले.

तिन्ही स्प्रिंगा भाताच्या दाण्याहून जेमतेम लांब होत्या. एक मूळ मापाची, तारेने आणि वेढ्यांनी जुन्या स्प्रिंगेसारखीच. दुसरी थोड्या जाड तारेची. तिसरी बिनगंजी पोलादाची, दिसायला सर्वांत देखणी आणि बोटांत धरल्यावर सर्वांत हट्टी. घरच्या रायफलीच्या बोल्टवर एक बारीकसा आकडा असतो. कागदोपत्री त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, धनेशचे वडील, दाजी, म्हणतात नख. गोळी सुटली की बोल्ट आपोआप मागे फेकला जातो, हे नख रिकाम्या टोपणाची, म्हणजे गोळीच्या मागे उरलेल्या पितळी नळकांड्याची, कड पकडून त्याला नळीतून ओढून काढते, बाहेर भिरकावते, आणि पुढे येणारा बोल्ट दुसरी गोळी आत ढकलतो. पुन्हा चाप ओढायचा, पुन्हा तेच. नखाची सगळी पकड त्या दाण्याएवढ्या स्प्रिंगेवर. ती मऊ पडली की टोपण नळीतच राहते आणि मागून आलेली गोळी त्याच्यावर आपटून अडकते. फार कडक असली की नख पितळेची कड कातरते आणि हातात काहीच येत नाही. तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवणाऱ्या धनेशला हे गणित अवघड नव्हते. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, दाब. अवघड नसलेले हे गणित तो पौषापासून करत होता आणि आता चैत्र लागला होता. कोल्हापूरच्या बंदूक दुरुस्तीवाल्याशी तो पुनःपुन्हा बोलला होता. "साहेब, कुठलीही टाका हो, एवढं काय त्यात," असे त्या माणसाने कंटाळून सांगितले होते. पण किती घट्ट धरले म्हणजे पुरे आणि किती घट्ट धरले म्हणजे तुटते, हा प्रश्न धनेशला असा 'कुठलीही टाका' म्हणून सोडण्यासारखा वाटत नव्हता. तो त्याला अतिशय आवश्यक वाटत होता, आणि तो सुटू नये असेही वाटत होते.

काल दुपारी कार्यालयातल्या भक्तीने त्याच्या हातात पाकीट ठेवले. पाकीट एका कोपऱ्यात फाटले होते, त्यातून एक स्प्रिंग डोकावत होती. "सर, पेनांच्या स्प्रिंगा मागवायला लागलात की काय? शिपायाला सांगितलं असतं तर त्याने आणून दिल्या असत्या," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. धनेशही हसला, आणि हसता हसता जे त्याने कधी कोणाला सांगितले नव्हते ते सांगून बसला, की या बंदुकीच्या आहेत, वडिलांच्या. भक्तीने मान वर केली. "वडिलांना या वयात बंदूक कशाला?" त्याने सांगितले, माकडांना भिववायला. धामापूरच्या अलीकडे आमची बाग आहे, माकडे शहाळी पाडतात, हवेत बार काढावा लागतो. "पण बाग तर तुम्ही मक्त्याने दिलीत ना?" भक्ती सहज म्हणाली. "तुम्हीच म्हणालात परवा, आता नारळसुद्धा विकत घेतो म्हणून." आणि ती पुन्हा पावत्यांकडे वळली. तिला उत्तर नको होते. धनेश पाकीट हातात धरून जिन्यात उभा राहिला. मुले त्याला वाट देऊन बाजूने जात होती. त्या प्रश्नात काहीही नव्हते. तो इतका साधा होता की तो आपल्या मनात याआधी कधीच का आला नाही, याचेच त्याला भय वाटले. मग त्याने ते भय घडी घालून पाकिटाबरोबर खिशात ठेवले.

रायफल आजोबांची. ते जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. कुठल्याशा बंदरात, कुठल्याशा कप्तानाकडून त्यांनी ती घेतली, परवाना केला, आणि त्यांच्यामागे परवाना दाजींच्या नावावर झाला. वडिलांना सगळी वाडी दाजी म्हणे म्हणून घरातही दाजीच. ते एस.टी.त ड्रायव्हर होते. खारेपाटणची मुक्कामाची गाडी वर्षानुवर्षे त्यांच्याकडे होती. माणसाने पायरी आणि आवाज दोन्ही खाली ठेवावेत म्हणजे माणसे चढतात, असे ते म्हणत, आणि त्यांना आवाज चढवलेले कोणी ऐकले नव्हते. निवडणूक जाहीर झाली की गावातल्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. दाजी दर वेळी कुरकुरत नेऊन देत आणि निवडणूक संपली तरी आणायला जात नसत. "रवांदे थंयच, फुकटची राखण आसा," असे म्हणून महिनेच्या महिने काढत. शेवटी ठाण्यातून निरोप येई. आई गेली श्रावणात. कार्तिकात निवडणुकीसाठी रायफल जमा झाली. पौषात निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दाजी पहिल्या एस.टी.ने जाऊन ती घेऊन आले. धनेश त्या आठवड्यात घरी गेला तेव्हा ती माजघराच्या दारावर, आपल्या जुन्या खुंट्यांवर होती, तेलपाणी केलेली. दाजी म्हणाले, "एक बार काढून बघितलंय. दुसरी अडाकता. तू इंजिनियर मां, बघ काय ता." त्याने बोल्ट उघडून पाहिला. नखाखालची स्प्रिंग जुनेपणाने निम्मी झाली होती. ती चिमटीत धरून तो म्हणाला, ही नेतो, नवी करून आणतो. खरे तर पूर्ण बोल्टच नेणे सोयीचे होते; नखाचे माप तिथेच घेता आले असते. पण बंदुकीचा भाग परवान्याशिवाय अंगावर बाळगणे गुन्हा आहे, असे त्याला त्या क्षणी ठळकपणे आठवले. दाजी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पाठमोरे उभे होते. बोल्ट मागायचा तर काहीतरी बोलावे लागले असते, आणि त्या घरात जे बोलावे लागे ते सहसा बोलायचेच राही. स्प्रिंग खिशात घालून तो मालवणला परतला तेव्हा त्याला विलक्षण हलके वाटले होते. त्या हलकेपणाचे कारण त्याने स्वतःला विचारले नाही. बंदूक नादुरुस्त आहे, एवढे वाक्य तो अधूनमधून मनाशी म्हणे आणि त्या वाक्याला टेकून झोपे.

आई होती तेव्हा घरातले सगळे बोलणे तीच करी. यशोदा नावाची ती लहानखुरी बाई भांड्यांशी, कोंबड्यांशी, चुलीतल्या ओल्या लाकडाशी बोले. दाजी आणि धनेश त्या बोलण्याच्या आडोशाला निवांत गप्प बसत. ती गेल्यावर कळले, की दोघांना एकमेकांशी बोलण्याची भाषाच कधी करावी लागली नव्हती. बाराव्यानंतर धनेश रोज फोन करू लागला. "जेवलास?" "जेवलंय. तुमी?" "जेवलंय." मग दोन्हीकडे थोडा वेळ वारा ऐकू येई. पौषानंतर मात्र या फोनला विषय मिळाला होता. स्प्रिंग गावली काय? नाय अजून, माप बसत नाय. असू दे. या तीन वाक्यांवर दोघे कितीतरी आठवडे तरून होते, आणि एखाद्या रोग्याला रोज थोडी थोडी पेज देत राहावे तसा धनेश स्प्रिंगेचा शोध दाजींना देत राहिला. आता पाकीट आले होते. आता नाही म्हणायला काही उरले नव्हते.

उन्हे तापल्यावर तो निघाला. स्कूटर सावकाश चालवत होता. गावाच्या वेशीवर देऊळ लागते. पायरीवर गुरव गुरुदास पत्रावळी लावत बसला होता. त्याने हात वर केला.

"धनेश, थांब रे जरा. घाईत आसस काय?"

"नाय. काय गुरुदासकाका?"

"दाजी बरे आसत मां?"

"बरे आसत. कित्याक?"

गुरुदासने हातातले पान उलटसुलट करून पाहिले. "सोमवारी इल्ले. प्रसाद लाव म्हणाले. मी म्हटलंय, गाऱ्हाणा काय घालू? तर म्हणतत, मी घातलंय मनातल्या मनात, तू नुसत्यो पाकळ्यो लाव. असा कधी असता काय रे? देवीच्या कानार पडाक नको?"

प्रसाद लावताना देवीच्या मूर्तीला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव भक्ताचा प्रश्न मोठ्याने मांडतो, तेच गाऱ्हाणे, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. जमीन, सोयरीक, परगावची नोकरी, गुरांचे दुखणे, सगळे तिथे चारचौघांच्या देखत विचारले जाते. धनेशच्या शिक्षणाचेही विचारले गेले होते. लहानपणी आईचे बोट धरून त्याने स्वतःचे भविष्य गुरवाच्या खणखणीत आवाजात ऐकले होते. मनातल्या मनात विचारलेला प्रश्न त्याने कधी ऐकला नव्हता.

"मगे?" त्याने विचारले.

"डावी पडली. म्हणाले, परत लाव. परत डावी. तिसऱ्या खेपेक मी लावलंयच नाय. म्हटलंय, दाजीनु, तिचा उत्तर झाला. तर हसले. म्हणाले, ही पण आमच्या यशोदेसारखीच, पयल्यांदा नायच म्हणतली." गुरुदासही हसला, पण अर्ध्यावर थांबला. "तू विचार तेंका काय ता. माका बरा दिसला नाय."

"विचारतंय," धनेश म्हणाला. स्कूटर सुरू करताना त्याचा पाय दोनदा घसरला. जमिनीचे असेल, त्याने ठरवले. माझ्या लग्नाचे असेल, लाजत असतील. रस्त्याकडेच्या काजूंची बोंडे उन्हात कुजत होती आणि त्यांचा आंबूस वास त्याच्या पुढे पुढे चालला होता. बाग मक्त्याने घेतलेल्या बाबलीच्या घरासमोरून जाताना एक कुत्रा भुंकत बाहेर आला, मग भुंकणे सोडून स्कूटरीमागे धावू लागला. तो धनेशच्या घरचाच मोत्या होता. त्याच्या गळ्यात नवी दोरी होती.

दाजी खळे झाडत होते. दाढी गुळगुळीत केलेली, सदरा धुतलेला. विहिरीवर नवा राजू, पाणी ओढायचा दोर, लावला होता, आईची तुळस चुना देऊन पांढरी केली होती. प्रवासाला निघण्याआधी माणसे घर आवरतात तसे सगळे आवरलेले होते, आणि धनेशच्या मनाला वाटले ते इतकेच, की दाजी आता सावरले.

"इलस? ऊन लागला मां? पाणी पी आदी."

"मोत्या बाबलीकडे कसो?"

"दिलंय तेका. बाग तो बघता, कुत्रो पण तेचोच बरो. हय काय, एका म्हाताऱ्याची राखण करीत भुकत बसतलो? कंटाळलेलो बिचारो." झाडू भिंतीला टेकवून दाजी आत गेले. "बांगड्याचा तिखला केलंय. तुझ्या आवशीसारखा नाय, पण खाताना रडाक येवचा नाय इतपत जमला."

दोघे जेवायला बसले. दाजींनी त्याच्या ताटात मोठा बांगडा वाढला आणि स्वतः शेपटीकडचा घेतला. बाहेर माडांवर माकडे होती. झावळ्या हलत होत्या, एक शहाळे धपकन पडले. दाजींनी तिकडे मान वळवली नाही. धनेश घास चिवडत राहिला. मग पाण्यात उतरल्यासारखा म्हणाला, "स्प्रिंग गावली."

"कसली?"

त्याला क्षणभर कळेना. मालवणहून येताना, त्याआधी रात्रभर, त्याआधी इतके आठवडे, दाजी या स्प्रिंगेची वाट पाहत बसले आहेत असे तो धरून चालला होता. आपण ती देत नाही म्हणून ते बसून आहेत असे धरून चालला होता. "नखाची," तो म्हणाला. "बंदुकीच्या."

"अरे हां. ती." दाजींनी काटा बाजूला काढला. "ठेव थंय खंयतरी. घाई नाय."

"तीन आणलंय. खयची बरी बसता ता बघूक व्हया. नायतर दुसरी गोळी परत अडाकतली."

"दुसरी कित्याक व्हयी रे?" दाजी म्हणाले. ताटात आणखी भात नको म्हणावे तशा आवाजात, मायेने, त्याच्याकडे न पाहता. मग टोपाकडे हात नेत म्हणाले, "तू आणि एक बांगडो घे. वायट जातलो."

धनेशने बांगडा घेतला. तो खाल्लाही. दाजींचे हे वाक्य विनोद आहे, असे तो प्रत्येक घासाबरोबर स्वतःला समजावत होता, आणि विनोद समजल्यासारखा थोडा हसलाही. दाजींनी ते हसणे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखे झाले, गाडी डेपोत लावल्यावर होई तसे. हात धुऊन ते पडवीतल्या बाकावर आडवे झाले.

माजघरात दुपारीसुद्धा अंधार असे. छपरात एकच काच बसवलेली होती. तिच्यातून आलेला उजेडाचा चौकोन या वेळी आईच्या ट्रंकेवर पडलेला असे, तसा तो पडला होता. धनेशने रायफल खुंट्यांवरून उतरवली. ती नेहमीपेक्षा जड नव्हती. मॅगझिन काढून पाहिली, रिकामी होती. त्याला बरे वाटले. ते बरे वाटणे अंगात पसरू देत त्याने बोल्ट मागे ओढला आणि नळीचे मागचे तोंड उजेडाच्या चौकोनात धरले.

आत पितळेची एक गोल, स्वच्छ चकती होती.

घरात भरलेली बंदूक टांगायची नाही, हे दाजींनीच त्याला शिकवले होते. बंदुकीला हात लावू देण्याच्या कितीतरी आधी शिकवले होते. त्याने बोल्ट पुढे नेला, पुन्हा मागे ओढला. नख गोळीच्या कडेवरून नुसते घसरले. खाली स्प्रिंग नव्हती, त्याला पकड नव्हती. गोळी जिथे होती तिथेच राहिली. मॅगझिन रिकामी, म्हणजे ही एकच, हाताने घातलेली. किती दिवस ती अशी बसून होती कोणास ठाऊक. कदाचित सोमवारपासून, कदाचित पौषापासून, जेव्हा तो मालवणच्या खोलीत त्या वाक्याला टेकून झोपत होता तेव्हापासून. आणि ती बाहेर काढायची तर जे लागते ते त्याने स्वतःच उचलून नेले होते.

त्याने रुमाल ट्रंकेवर उलगडला. एक स्प्रिंग निसटून अंधारात गेली. ती कोणती होती हे त्याने पाहिले नाही. उरलेल्या दोनांतली एक उचलली. तारेची जाडी, वेढे, दाब, यातले काहीही त्याच्या मनात आले नाही. ट्रंकेच्या कडीत आईची एक साडीची पिन अडकवलेली होती. तिच्या टोकाने त्याने स्प्रिंग खाचेत दाबली, नख तिच्यावर बसवले, अंगठा सोलवटला. बोल्ट पुढे नेला. नख कडेवर चढून बसल्याचे त्याला ऐकू आले नाही, बोटांना कळले. नळी भिंतीकडे धरून त्याने बोल्ट ओढला. गोळी सहज आली, त्याच्या तळहातावर पडली आणि तिथे डुगडुगत राहिली. ती इतकी लहान होती.

मग त्याने बोल्ट पूर्णच उतरवला, रुमालात गुंडाळला आणि विजारीच्या खिशात घातला. परवान्याचे त्याला या वेळी आठवले नाही. गोळ्यांचा डबा आईच्या साड्यांखाली होता, तोही घेतला. उघडी, पोकळ रायफल त्याने परत खुंट्यांवर ठेवली आणि तो पडवीत आला. दाजी डोळे मिटून होते, पण झोपलेले नव्हते. धनेश बाकाच्या कडेला, त्यांच्या पायांशी बसला. खिशातले लोखंड मांडीला टोचत होते.

"बसली?" दाजींनी डोळे न उघडता विचारले.

"बसली."

"खयची?"

"बघूक नाय."

माडांवर माकडांची धावपळ चालू होती. मग दाजींच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघाले आणि कानाकडे गेले. ते त्यांनी पुसले नाही.

"बोल्ट माझ्याकडे आसा," धनेश म्हणाला. आपला आवाज त्याला अनोळखी वाटला, देवळातल्या गाऱ्हाण्यासारखा, कोणाच्याही कानावर पडेल असा. "आज मी हय रवतलंय. उद्या पण. दाजी, तुमी देवीक काय विचारलात?"

दाजींनी पाय थोडे आखडून घेतले, त्याला बसायला नीट जागा व्हावी म्हणून. धनेश तसाच बसून राहिला आणि त्याच्या बोटांवरचा तेलाचा वास उन्हात वर येत राहिला. ती स्प्रिंग रिकामे टोपण काढण्यासाठी असते. पहिली गोळी सुटायला ती लागत नाही.